सीलबंद ‘रोवणा’

आमचा कॉम्प्युटर सुरू होत नाही असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. सुरू तो व्हायचा. बटण दाबलं की पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचं कडं गरगर फिरायला लागायचं आणि मला वाटायचं, चला, आज जमलं. मग त्यातला एक ठिपका अडायचा, बाकीचे त्याच्यासाठी थांबायचे आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. माऊस हलवा, कळा बडवा, तोंडाला येतील त्या शिव्या द्या, काही फरक नाही. सुरू होऊन पुढे न सरकणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे, कारण मी सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे. पण ऑफिसातल्या अडलेल्या फाइलीत दुसऱ्याचं काहीतरी अडकलेलं असतं. या डब्यात माझं नाटक अडकलं होतं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापणीला आला की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, गावात चालायला जागा राहत नाही. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे गावची मंडळी जाऊन नाटक ‘बुक’ करतात. तर अशा एका कंपनीने, राजदीपभाऊंच्या, माझं नाटक घेतलं होतं. नाव ‘रोवणा’. पाण्याने भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीने वाकून धानाची रोपं लावतात, तो रोवणा.

नाटक माझ्या आईचं होतं. आई म्हणजे बायनाबाई, आता घरीच असते, गुडघे धरून बसते आणि सुनेच्या भाजीला नावं ठेवते. पण मी कडेवर होतो तेव्हा ती चामोर्शीकडचं सासर सोडून चालत निघाली होती. बाप दारू प्यायचा आणि मारायचा, याहून जास्त सांगण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. तो मागाहून पंच घेऊन तिला न्यायला आला तेव्हा ती सिंदेवाहीजवळ परक्याच्या बांधीत रोवणा करत होती. पंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले, बाप उभा राहिला, आणि आई ओळ सोडून वर आलीच नाही. चिखलातूनच तिने काय ते सांगितलं. पंच धोतरं सावरत परत गेले. एवढंच झालं होतं. पण मला विचाराल तर आमच्या घराण्यात कोणी काही केलं असेल तर ते एवढंच, आणि ते लोकांनी बसून बघावं, आईनेही पुढे बसून बघावं, म्हणून मी ते नाटक लिहिलं. तिला वाचून दाखवलं नव्हतं. स्टेजवरच बघ म्हटलं. ती वरवर ‘त्याच्यात का पाहासारखं हाय’ म्हणायची, पण मंडईसाठी लुगडं काढून ठेवलं होतं हे रंजीताने, म्हणजे माझ्या बायकोने, मला सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, दुसरी प्रत कुठे होती? सगळ्यांनी हेच विचारलं. प्रत नव्हती. झाडीपट्टीत नाटकं चोरीला जातात. एका कंपनीतला डायलॉग दुसऱ्या कंपनीत आठवडाभरात बोलला जातो, तोही टाळ्या घेऊन. म्हणून मी कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. सगळं थेट कॉम्प्युटरवर, आणि वर पासवर्ड. पेनड्राइव्ह लावू दिला नाही, मेल केली नाही, प्रिंट काढली नाही. राजदीपभाऊंना वडशाला जाऊन गोष्ट तोंडी सांगितली, तेव्हाही शेवट सांगताना दार लावून घेतलं होतं. जगात चोरापासून एवढं सुरक्षित नाटक दुसरं नसेल. ते लेखकापासूनही सुरक्षित होईल याचा मी विचार केला नव्हता.

पहिला सल्ला शेजारच्या गुणवंतरावांचा. ते वनखात्यातून फॉरेस्टर म्हणून रिटायर झाले असून कॉम्प्युटरबद्दल त्यांना तेवढीच माहिती आहे जेवढी मला वाघाबद्दल. पण मी वाघाबद्दल सल्ले देत नाही.

“धूळ हाय आतमंदी,” ते म्हणाले. “खोलून पाहा.”

खोललं. धूळ होतीच, आणि धुळीखाली पालीची अंडी होती. खुद्द बाई पंख्यामागून बाहेर आल्या, माझ्या मनगटावरून चालत गेल्या आणि टेबलामागे दिसेनाशा झाल्या. मी ओरडलो असं रंजीता सगळ्यांना सांगते. मी फक्त मोठ्याने आश्चर्य व्यक्त केलं होतं.

“हे पाहा कारण!” गुणवंतराव म्हणाले. “आता साफ करा अन् अंगनात उनात ठेवा. धानाले ऊन देतो तसं.”

ठेवलं. कॉम्प्युटर दुपारभर अंगणात बांबूच्या तट्ट्यावर पडला होता आणि जाणारा येणारा विचारत होता, ‘विकून राह्यले का भाऊ?’ एकाने भावही सांगितला. तो भाव ऐकून मला माझ्या साहित्यिक कारकिर्दीचा अंदाज यायला हवा होता. संध्याकाळी आत आणून बटण दाबलं. ठिपके फिरले, आणि नेहमीच्याच ठिकाणी थांबले. फक्त आता डबा गरम होता.

गुणवंतराव हार मानणारे नव्हते. मग व्होल्टेज झालं. मग प्रिंटरची वायर काढून बघणं झालं, टेबलाची दिशा बदलून झाली. शेवटी ते म्हणाले, “लिवलं काय होतं त्याच्यात? जड तं नोयतं ना काई?” मी म्हटलं, नाटक आहे. त्यांनी मान हलवली. “मंग बरोबर हाय. तीन अंकी असंन.” मी त्यांना चहा दिला.

रंजीता एवढंच म्हणाली, “हातानं लिहून काढा ना. आठवते ना तुम्हाला?”

इथे मी जे उत्तर दिलं ते मला आजही खरं वाटतं आणि आजही लाज आणतं. मी म्हटलं, लेखक म्हणजे झेरॉक्सचं मशीन नाही. जे एकदा नेमकं उतरलं ते दुसऱ्यांदा उतरत नाही. ती म्हणाली, बरं. ‘बरं’ हा शब्द आमच्या घरात फार वेगवेगळ्या प्रकारे म्हटला जातो आणि त्यातला हा सगळ्यात वाईट प्रकार होता. खरी गोष्ट अशी की मला उद्या कॉम्प्युटर सुरू होईल याची खात्री होती. रोज होती.

मग अंकुश आला. अंकुशचं बस स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे आणि पाटीवर ‘कॉम्प्युटर, लॅपटॉप, मिक्सर’ असं लिहिलेलं आहे. त्याने कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या खोडरबराने घासायला लागला. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, “सर, निम्मे कॉम्प्युटर याच्यानंच बरे होते.” आमचा उरलेल्या निम्म्यातला निघाला. त्याने आतला गोल सेल बदलला, वायरी उपसून परत खोचल्या, सुरू होताना कळा दाबून वेगवेगळे निळे-काळे पडदे आणले आणि शेवटी डब्याला कान लावला. आतून टक, टक असा आवाज येत होता.

“हार्ड डिस्क जाऊन राह्यली सर.”

“कुठे?”

“जाऊन राह्यली म्हंजे मरून राह्यली. टेन्शन नाई. फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकतो, मक्खन चालन.”

“आणि आतलं नाटक?”

“ते तं जाइन ना सर,” अंकुश म्हणाला. तो हे इतक्या सहज म्हणाला की मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. डेटा काढून देणारा माणूस नागपूरला असतो, असं त्याने सांगितलं. पण कुरिअरने हार्ड डिस्क पाठवायची, कोणीतरी अनोळखी माणूस ती उघडणार, ‘रोवणा’ वाचणार आणि पुढच्या मंडईला दुसऱ्याच कंपनीत ते लागणार. मी नको म्हटलं. अंकुशने खांदे उडवले, आणि जाताना आपला खोडरबर परत घेऊन गेला.

एवढ्यात राजदीपभाऊंचा फोन. “भाऊ, स्क्रिप पाठवा ना. नट मंडळी येऊन राह्यली. पोस्टर छापून झाले.”

पोस्टर त्यांनी मोबाइलवर पाठवलं. एक बाई रडत होती, एक माणूस बंदूक घेऊन होता, मागे हेलिकॉप्टर होतं. माझ्या नाटकात बंदूक नव्हती. हेलिकॉप्टर तर नव्हतंच. वर लिहिलं होतं, ‘रोवणा अर्थात सौभाग्याची हाक’.

“ही हाक कोणाची?” मी विचारलं.

“नावाचं अन् नाटकाचं काय घेनंदेनं हाय भाऊ? पोस्टर पाहून नाटक बुक होते. तुम्ही स्क्रिप पाठवा फक्त.”

आणि इथे मला ती कल्पना सुचली. तिला मी आजही चांगलीच म्हणेन, फक्त ती सरकारी नोकराला सुचायला नको होती.

आमचा कॉम्प्युटर मुळात ऑफिसचा. जुने कॉम्प्युटर लिलावात काढले तेव्हा मी रीतसर पैसे भरून घेतलेला. कॅबिनेटच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने ऑफिसचा नंबर अजून तसाच होता. मी तो घासला नव्हता, कारण त्यामुळे चोर घाबरतात असं गुणवंतराव म्हणाले होते. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरांची देखभाल एका कंत्राटदाराकडे आहे. ऑनलाइन तक्रार टाकली की चंद्रपूरहून इंजिनिअर येतो, आणि त्याच्याकडे डेटा काढायचं सगळं सामान असतं. मी विचार केला, नंबर तर आहेच. इतकी वर्षं सरकारची सेवा केली, सरकारने माझ्या एका हार्ड डिस्कची करायला काय हरकत आहे? तक्रार टाकली. संगणकप्रणालीने नंबर स्वीकारला आणि आभार मानले. ऑफिसात माझे आभार मानणारी ती पहिलीच.

इंजिनिअरचा फोन आला. “ऑफिसमध्येच दाखवावा लागेल सर. फोटो लोकेशनसकट अपलोड करावा लागतो.”

म्हणून डबा ऑफिसात नेणं आलं. स्कूटरवर मी पुढे, रंजीता मागे, तिच्या मांडीवर डबा, त्यावर धूळ बसू नये म्हणून शाल पांघरलेली. आठवडी बाजाराचा दिवस. धानाचे ट्रॅक्टर, बकऱ्या, टोपल्या यांतून आम्ही हळूहळू निघालो. चौकात एक ओळखीची बाई गाडीला हात धरून चालायला लागली. “काय झालं वो लेकराले? ताप हाय का?” रंजीताने शाल बाजूला केली. बाईने पांढऱ्या नंबराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडीवरचा हात काढून घेतला. रंजीता तेव्हापासून त्या चौकातून जात नाही.

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने डबा टेबलावर ठेवला, समोरून फोटो काढला, नंबराचा फोटो काढला, ‘यंत्र उपलब्ध, दुरुस्तीयोग्य’ अशी नोंद केली आणि म्हणाला, “डेटा निघेल सर, चिंता नको. केबल गाडीत आहे, घेऊन येतो.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली. तो केबल आणायला गेला आणि दीपिका मॅडम केबिनमधून बाहेर आल्या.

दीपिका मॅडम आमच्या अधीक्षक. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्यांच्या आवाजाला सगळं ऑफिस घाबरतं ते त्यामुळेच. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“खोब्रागडे, हा तुम्हाला कुठे सापडला?”

“सापडला नाही मॅडम, माझा आहे. लिलावात घेतला.”

“त्या लिलावाला जिल्ह्याची अंतिम मंजुरी अजून यायची आहे ना. तोवर कागदोपत्री हा आपलाच. ऑडिटने आक्षेप काढलाय, एक संगणक आढळून येत नाही म्हणून. मी उत्तर देऊन देऊन थकले.” त्या अगदी मनापासून म्हणाल्या, “फार चांगलं काम केलंत तुम्ही.”

पंधरा मिनिटांत ऑफिसात आनंदीआनंद झाला. हरवलेला संगणक सापडला. इंजिनिअर केबल घेऊन आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की ऑडिट पार्टी येऊन बघेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. सुतळी आली, मेणबत्ती आली, लाख आली. पंचनामा करायचा ठरला, आणि ऑफिसात अक्षर माझं चांगलं असल्यामुळे तो मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. ‘सदर संगणक सुस्थितीत मोहोरबंद करून भांडारगृहात ठेवण्यात आला.’ सुस्थितीत या शब्दाशी माझा हात थांबला, पण मॅडम म्हणाल्या, तसंच लिहायची पद्धत आहे.

“मॅडम, आत माझं एक खाजगी नाटक आहे. तेवढं फक्त…”

“सरकारी यंत्रातला मजकूर सरकारीच समजला जातो,” त्या हळुवारपणे म्हणाल्या. “अर्ज करा. मी चंद्रपूरला पाठवते. आणि एक, सरकारी संगणकावर नाटक का लिहिलं याचा छोटासा खुलासा जोडा. औपचारिकता म्हणून.”

म्हणजे माझ्या बापाला आणि त्याच्या पंचांना जी गोष्ट परत नेता आली नव्हती ती आता सरकारजमा झाली होती, आणि त्यावर पंच म्हणून सह्या करायला माझ्याच टेबलाशेजारचे दोघे होते. मी अर्ज केला. खुलासाही केला. त्यात मी ‘भविष्यात अशी चूक होणार नाही’ असं लिहिलं, कारण त्याशिवाय खुलासा स्वीकारत नाहीत. भांडारगृहाच्या खिडकीतून डबा दिसायचा. लाखेचे लाल ठिपके लावून कोपऱ्यात बसलेला. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून यायचो.

त्या रात्रीपासून मी हाताने लिहायला बसलो, हे रंजीताला सांगितलं नाही. तिला कळलंच होतं. पहिला प्रवेश बरा आला. पण शेवट, बांधीतला, तो काही केल्या तसा येईना. आई नेमकं काय बोलली होती ते मी एकदाच तिच्याकडून काढून घेतलं होतं, शब्द न् शब्द, आणि लगेच टाइप केलं होतं, म्हणून लक्षात ठेवायची गरज वाटली नव्हती. तिला पुन्हा विचारावं तर ‘मंग लिवलं काय होतं तुनं?’ असं तिने विचारलं असतं. नाही विचारलं.

राजदीपभाऊंना फोन करून सगळं सांगितलं. सील, ऑडिट, चंद्रपूर. मला वाटलं ते चिडतील, प्रयोग रद्द करतील. मी नुकसानभरपाईच्या भाषेची मनात तयारी केली होती.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “काळजी नोका करू भाऊ. इसरूच्या डोक्यात हाय सगळं.”

इसरू म्हणजे त्यांचा प्रॉम्प्टर. मी वडशाला गोष्ट सांगितली तेव्हा तो कोपऱ्यात बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. आमच्याकडे नट बाहेरून येतात, नागपूरहून, मुंबईहून. तालमीला वेळ नसतो. कित्येकदा ते दुपारी उतरतात आणि रात्री उभे राहतात. झालरीमागून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, ते बोलतात. सगळं नाटक त्या एका माणसाच्या तोंडून येतं. स्क्रिप्ट लागते ती फक्त लेखकाला समाधान वाटावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

“पण शेवट?” मी म्हटलं. “शेवटी ती जात नाही, एवढं तरी…”

“तुम्ही आईले घेऊन या फक्त. पहिल्या रांगेत बसवतो.”

मी जायला नको होतं, निदान आईला न्यायला नको होतं. पण लुगडं काढून ठेवलेलं होतं, गुणवंतराव सहकुटुंब यायला निघाले होते, आणि खरं सांगायचं तर लाउडस्पीकरवर माझं नाव घेणार होते. ते मला ऐकायचं होतं.

नाव घेतलं. ‘सिंदेवाहीचे सुपुत्र, झाडीपट्टीला लाभलेला नवा तारा, प्रफुल्ल खोब्रागडे!’ मला स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. मी वाकून नमस्कार केला. आई समोर सतरंजीवर बसली होती, गुडघे लांब करून, आणि शेजारच्या बाईला सांगत होती की तो माझा मुलगा.

नाटक सुरू झालं. इसरूने गोष्ट बरीच लक्षात ठेवली होती, हे मान्य करायला हवं. सासर होतं, दारू होती, कडेवरचं मूल होतं. मधे बंदूकवाला आला, दोन लावण्या झाल्या, पोस्टरवरचं हेलिकॉप्टर तेवढं आलं नाही. आणि पहाटेच्या सुमाराला स्टेजवर हिरव्या कापडाची बांधी मांडली. पंच आले. नवरा आला. नटी वाकून रोपं लावत होती. तिने वर बघितलं, झालरीमागून इसरूचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि मग तोच माईकवर तिचा झाला. “धनी, तुमच्या पायाची धूळ हेच माझं शेत! तुमचा मार हाच माझा शृंगार!” ती धावत जाऊन नवऱ्याच्या पायावर पडली. त्याने तिला उचललं, दारूची बाटली फोडली, गाणं लागलं. अख्खं गाव रडत होतं. गुणवंतराव रुमालाने नाक पुसत होते. लोकांनी वन्स मोअर मागितला आणि ती पुन्हा पायावर पडली.

मी आईकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

सकाळी मंडपाबाहेर लोक माझा हात हातात घेत होते. “भाऊ, कालिज हालवलं तुमी.” “असं तुमालेच सुचते.” एका म्हाताऱ्याने आईचे पाय धरले, “माय, धन्य तुमचं पोट.” मी शाल घेऊन उभा होतो. हे मी लिहिलेलं नाही, असं म्हणायला दोन वाक्यं लागली असती. मी तोंड उघडलंही. पण समोरचे डोळे पुसत होते, म्हणून मी ‘थँक्यू’ म्हटलं.

घरी येऊन चहा झाल्यावर आईने लुगडं झटकून त्याची घडी घातली आणि विचारलं.

“मी वापस जाले पायजे होतं, असं वाटे का रे तुले?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी धडाधड सांगायला लागलो. हार्ड डिस्क, लाख, ऑडिट, इसरू. माझं नाटक वेगळं आहे, ते कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यात तू जात नाहीस. आई ऐकत होती. अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला लागत नव्हता आणि उरलेल्या अर्ध्यांवर, मला दिसत होतं, तिचा विश्वास बसत नव्हता.

“मंग नाव काऊन तुझं घेतलं? शाल काऊन घेतली तुनं?”

मी म्हटलं, “आई, कॉम्प्युटर परत आला की मी तुला वाचून दाखवतो. सगळं.”

“दाखवजो,” ती म्हणाली.

कॉम्प्युटर परत आला, थंडी सरता सरता. ऑडिट पार्टीने बघितला, आक्षेप निकाली निघाला, लिलावाची मंजुरी आली, अर्जही मंजूर झाला. दीपिका मॅडमनी स्वतः सील तोडलं. “इंजिनिअरकडून दुरुस्तही करून घेतलाय,” त्या म्हणाल्या. “तुमची इतकी गैरसोय झाली, म्हणून मीच पाठपुरावा केला.” घरी आणून बटण दाबलं. ठिपके एक चक्कर मारून गेले आणि पडदा लख्ख उघडला. इतका पटकन तो नवा असतानाही उघडला नव्हता. निळा पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. बाकी काही नाही. सोबत कागद होता: खाजगी व्यक्तीस हस्तांतरणापूर्वी नियमाप्रमाणे संपूर्ण माहिती नष्ट करण्यात आली आहे.

मागे वळलो तर आई खुर्ची ओढून बसली होती. चष्मा लावला होता. आईला वाचता येत नाही, चष्मा ती तांदूळ निवडायला लावते.

“सुरू झाला ना?” ती म्हणाली. “हं. वाच.”

रंजीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला पडदा दिसत होता.

मी वाचायला लागलो. रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत, हाताने माऊस सरकवत. सासर, दारू, कडेवरचं पोरगं. आठवत होतं. बरं येत होतं. आई मान हलवत होती, एकदोनदा हसलीही. बांधी आली, चिखल आला, धुऱ्यावर पंच उभे राहिले. ती वर बघते आणि म्हणते. काय म्हणते? मी माऊस सरकवला. तिचे शब्द साधे होते, अगदी साधे, मी टाइप केले होते. मी ते आत शोधत होतो आणि तिथे इसरूचा आवाज होता, माईक होता, रडणारं गाव होतं.

“धनी,” माझ्या तोंडून निघालं, आणि मी थांबलो.

आईने चष्मा काढून लुगड्याच्या पदराला पुसला.

“राहू दे,” ती म्हणाली. “याच्यातबी तेच हाय.”

आणि खुर्चीचा हात धरून, गुडघ्यांवर जोर देत, ती उठून आत गेली.